सव्वीस वर्षं आणि सहा दिवस

आज 5 डिसेंबर. बाबा असते, तर आज सकाळी देवापुढे एक जास्तीचं फूल ठेवलं असतं. 1961 साली याच दिवशी आफ्रिकेतल्या कांगोत लढताना शहीद झालेल्या कॅप्टन गुरबचनसिंग सलारियांसाठी.

बाबा एनडीएच्या, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, कॅडेट मेसमध्ये वाढपी होते. 1955 साली अकॅडमी डेहराडूनहून खडकवासल्याला आली, त्याच वर्षी ते तिथे चिकटले. सलारिया 1956 साली एनडीएतून बाहेर पडले. म्हणजे बाबांच्या हातची पोळी त्यांच्या ताटात पडली असणारच. पण बाबांना तो चेहरा काही केल्या आठवायचा नाही. पेपरातला फोटो त्यांनी जपून ठेवला होता. तो डोळ्यांजवळ धरून म्हणायचे, "इतकी पोरं जेवली गं माझ्यासमोर. हा कुठल्या टेबलावर बसायचा?" ही रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती.

सलारियांचं नाव काढलं की लोक हमखास विचारतात, कांगोत आपलं सैन्य कशाला? 1960 च्या जूनअखेर बेल्जियमच्या ताब्यातून कांगो सुटला आणि पंधरवड्यातच खनिजांनी श्रीमंत असलेला कटांगा प्रांत फुटून निघाला, भाडोत्री गोऱ्या सैनिकांच्या जोरावर. संयुक्त राष्ट्रांनी शांतिसेना पाठवली, तिच्यात आपली एक अख्खी ब्रिगेड होती.

कटांगातल्या एलिझाबेथव्हिल शहरात विमानतळाच्या रस्त्यावरचा चौक कटांगाच्या सैन्याने अडवून धरला होता. तो मोकळा करायचं काम 3/1 गोरखा रायफल्स या आपल्या बटालियनकडे आलं. सलारियांना शत्रूची मागची वाट रोखायची होती. तिथे समोर आले नव्वदेक सैनिक आणि दोन चिलखती गाड्या. यांच्याकडे सोळा गोरखे आणि एक रॉकेट लाँचर. गाड्या उडवल्या आणि संगिनी, हातबॉम्ब, खुकऱ्या घेऊन सरळ आत घुसले. शत्रूचे चाळीस जण पडले, बाकीचे पळाले. सलारियांच्या मानेत गोळ्या लागल्या होत्या. रक्त वाहत असताना ते लढत राहिले, कोसळेपर्यंत. त्यामुळे शहरातलं संयुक्त राष्ट्रांचं मुख्यालय वेढ्यातून वाचलं. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. एनडीएच्या विद्यार्थ्याला मिळालेलं ते पहिलं, आणि शांतिसेनेत लढताना मिळालेलं आजवरचं एकमेव.

सैनिकी शाळेच्या प्रवेशावेळी ह्याच मुलाला छातीचं माप कमी भरलं म्हणून परत पाठवलं होतं. व्यायाम करून तो पुन्हा उभा राहिला. हे सांगताना बाबांचा आवाज दरवेळी फुटायचा.

आपल्या सीमेवर पडलेल्यांची नावं पोरांना पाठ असतात. हे नाव मात्र अजून मलाच सांगावं लागतं, याचं वाईट वाटतं.

त्यांचा जन्म 29 नोव्हेंबर 1935 चा. म्हणजे सव्वीस पूर्ण होऊन जेमतेम सहा दिवस झाले होते. आईचा जीव तिथेच अडकायचा. "वाढदिवसाचं पत्र पोचलं असेल का रे त्याला?" ती आपल्याशीच पुटपुटायची, आणि बाबा काही न बोलता फोटोची घडी घालून ठेवायचे.