धड नसलेला बुद्ध आणि झुलीचा बैल

समोरच्या बंगल्यात नवा बुद्ध आला. म्हणजे नुसतं डोकं. काळ्या फायबरचं, डोळे मिटलेले, भोवती पांढरे गोटे. आत्या आमच्या फाटकात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "छान आहे ग. खरं, ह्याचं धड कुठं गेलं?"

(बाहेरच्या वाचकांसाठी: आमच्या बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण'.)

त्या दिवसापासून मला तो बुद्ध शांत वाटेनासा झाला. पण मी कोणत्या तोंडानं हसणार? वडगावच्या काळ्या मातीतल्या आमच्या अठरा फूट बाय बारा फूट बागेत 'काहीतरी ठेवायचं' हे दोन वर्षं चाललं होतं. पहिलं काहीतरी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसचा बगळा. एका पायावर उभा होता. जून संपेपर्यंत पोटावर बसला आणि आतली तार तेवढी ताठ राहिली. दुसरं म्हणजे सिंहाच्या तोंडातून पाणी सोडणारं कारंजं. ते नवऱ्यानं मोबाईलवर निवडलं होतं, मी वेळेवर अडवलं. "मग तुला पाहिजे तरी काय?" ह्या प्रश्नाला मला उत्तर देता येईना. पुतळाबितळा नको एवढंच ठाऊक होतं. आमच्या भागात पुतळा म्हटलं की डोळ्यांसमोर आधी पोलीस बंदोबस्त येतो.

शेवटी एका शनिवारी आत्याला गाडीत घातलं आणि निघालो. आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. माहेर नंदगडकडचं. साडी घ्यायची असली की ती आधी सगळ्यात भारी दुकानात जाऊन नुसत्या घड्या उलगडायला लावते आणि मग आपल्या ऐपतीच्या दुकानात शिरते. चांगलं काम डोळ्यांखालून गेलं की वाईट आपोआप ओळखू येतं, असं तिचं म्हणणं. त्या हिशेबानं आमचं पहिलं भारी दुकान म्हणजे बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन देऊळ.

बस्ती १२०४ सालची, रट्ट राजघराण्याच्या अमलातली. लहानपणी शाळेच्या सहलीत 'कमळ बघा, कमळ बघा' करत आम्हाला आत फिरवलं होतं. तेव्हा मान दुखली एवढंच आठवतं. आता मंडपात उभी राहून छताकडे पाहिलं. दगडाचं कमळ पाकळ्यापाकळ्यांनी खाली उतरत आलेलं, आत्ता टपकन गळेल असं. मग लक्षात आलं की त्याच्याखाली काहीच नाही. रिकामी फरशी. खांब घासून गुळगुळीत केलेले, पण तेही चार पावलं मागं सरून उभे. मी मनातल्या मनात माझी बाग मोजली: तुळशी वृंदावन, झोपाळा, जास्वंद, सात कुंड्या, नळाचं रबरी वेटोळं आणि नवऱ्याचं निवडुंगाचं स्टँड. त्यात आणखी एक वस्तू घालायला मी निघाले होते. आत्या म्हणाली, "आधी ते निवडुंग हलव." तेवढं एक काम किल्ल्यातच ठरलं.

खानापूर तिथून पंचवीसेक किलोमीटर. वाटेत मातीचा रंग बदलत जातो. बेळगावच्या दक्षिणेचं काळं रान मागं पडतं आणि लाल माती सुरू होते. मग वीटभट्ट्या, कौलांचे ढीग. खानापूरच्या मातीचं नाव जुनं आहे. खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही इथंच आहे. आम्ही गेलो ते एका घरगुती कुंभाराकडं. अंगणात वाळत घातलेल्या पणत्या, रांजण, चुली आणि कोपऱ्यात बेंदराचे उरलेले बैल. वीतभर उंचीचे, कच्च्या मातीचे, शिंगं जरा उधळलेली.

तिथं मी थबकले. आमच्या घरी आजोबा असेपर्यंत बेंदराला दोन बैल यायचे. देवळीत बसायचे, पुरणपोळी खायचे. मी त्यातलाच एक बगळ्याच्या जागी उभा करून पाहिला, मनातच.

"मामा, हा मोठा करून भाजून द्याल का?"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मी देवाला फ्रीजमध्ये ठेवायला निघालेय. "बेंदराचा बैल भाजत नाहीत, ताई. तो पाण्यात जायचा असतोय. बागेत ठेवायचा म्हणजे दुसरा करायला पाहिजे."

मग तासभर नुसतं बोलणं. कोणत्याही दुकानदारानं एवढं सांगितलं नसतं. बैल आतून पोकळच पाहिजे. भरीव केला तर पोटातली ओल वाफ होऊन वाट शोधते आणि आव्यातच फोडून बाहेर पडते. म्हणून पोटाखाली भोक, आणि ते खालच्याच बाजूला, नाहीतर बागेत पाणी साठून डासांची सोय. माती वाळताना आणि भाजताना आटते. दहा इंचांचा केला तर नऊचा हातात येतो. भाजणी कशी झाली ते बोटाच्या पेरानं वाजवून बघायचं. टण् आवाज आला तर घ्यायचा, बद वाजला तर कुठंतरी चीर आहे. आणि ऑईलपेंट अजिबात नाही. माती पाणी पिते आणि उन्हात सोडते. वरून रंगाचं कातडं चढवलं की ओल आत अडकते आणि दुसऱ्या वर्षी पापुद्रे सुटतात. "शेवाळ धरू दे की," मामा म्हणाले, "त्येचा तोच रंग."

अडचण पायांची होती. एवढं मोठं पोट चार बारक्या पायांवर उभं केलं तर कच्चं असतानाच बसणार. मामांचा उपाय: बसलेला बैल करू. आत्यानं तो जागच्या जागी मोडून काढला. "बसलेला बैल म्हणजे नंदी. उद्या शेजारीण फूल वाहील, परवा नारळ फुटेल, आणि मग हिला तिथं चप्पल घालून जाता यायचं नाही." बागेत ठेवायच्या वस्तूबद्दल मी ऐकलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट. पूजेचं आणि शोभेचं ह्यांत एक रेघ असते. ती ओलांडलीत तर बाग तुमची राहत नाही. बुद्धाच्या डोक्याचंही तेच. ज्यांच्या मनात तो पूज्य आहे त्यांना ते धडावेगळं शीर गोट्यांत बघून काय वाटत असेल, हा विचार समोरच्यांनी केला नसावा.

ठरवू म्हणून तिथून निघालो आणि नंदगडवरून हलशीला गेलो. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी आत्यानं हात जोडले. वडाला नवसाचे पाळणे लोंबत होते. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. पुढं गोव्याच्या कदंबांच्या काळात, बाराव्या शतकात, इथं भूवराह नरसिंहाचं देऊळ उभं राहिलं. त्यात समोरासमोर दोन गाभारे आहेत. एकात वराह, दातावर पृथ्वी उचललेली. आम्ही दोघी मधल्या मंडपात बसलो. त्या थंड दगडावर बसलं की उठवत नाही.

बाहेर आल्यावर मी मागं वळून देवळाकडं पाहिलं. दुकानातल्या मूर्तींच्या अंगावर रिकामी जागाच नसते. वेली, मोर, दागिने, काय दिसेल ते कोरलेलं. इथं बाहेरच्या भिंती बऱ्याच साध्या. आडवे थर, सावलीच्या रेघा, बस्स. कारागिराचा हात दाखवायची जागा आत, अंधारात राखलेली. माझ्या बागेच्या मागच्या भिंतीला नवऱ्यानं आवडीनं दगडी टाईल लावली आहे, सहा रंगांची. तिच्यापुढं कदंबांचा वराह ठेवला तरी दिसणार नाही. भिंत आधी चुन्यासारखी पांढरी करायची, हे दुसरं काम ठरलं. नवऱ्याला कसं सांगायचं ते मात्र ठरलं नाही.

परतताना एका गावात चहाला थांबलो. आम्ही 'बागेतलं काम' शोधतोय हे कानावर पडताच एक मोटरसायकलवाला जवळ आला. शेताच्या बांधाला वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरलेला दगड) पडलाय, म्हणाला. दोन माणसं लावून टेम्पोत घालून देतो. मोबाईलवर फोटोही दाखवला. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन चाललेल्या, वर पिंडीची पूजा, टोकाला चंद्रसूर्य. खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह पडला. पांढऱ्या भिंतीपुढं तो काय दिसला असता! आत्यानं कप खाली ठेवला. "कुणाचा तरी बाप आहे तो. मेलेल्या माणसाला उचलून हिच्या कर्दळीत उभा करतोस होय?" तो कायद्यातही बसत नाही. शंभर वर्षांवरची असली शिल्पं १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. पण मोटरसायकलवाला कायद्यानं नव्हे, आत्याच्या नजरेनं गेला.

बाकीचे पर्याय मी आधीच बघून झाले होते, ते थोडक्यात. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात सिमेंटची माणसं आहेत. बारा बलुतेदारांचं अख्खं गाव, आणि काम इतकं जिवंत की आत्या तिथल्या कासाराच्या बांगड्या बघायला वाकली होती. पण त्यांतला एकटा माणूस घरी आणून उभा केला तर वीज गेल्यावर चोर वाटेल. शिवाय घरगुती सिमेंटकामात आतली सळई नीट झाकली गेली नाही तर गंजून फुगते आणि वरचं सिमेंट फोडते. आमच्याकडच्या पावसाला तेवढं पुरतं. हायवेकडेच्या हरणांच्या जोड्या मी गाडीतूनच नाकारल्या. गोकाकची रंगीत खेळणी जिवाभावाची, पण ती कपाटात शोभतात.

संध्याकाळी पुन्हा खानापूर. मामांनी तोवर उपाय शोधला होता. बैलाला झूल घालायची, जमिनीपर्यंत. म्हणजे चार पायांऐवजी चारी बाजूंनी मातीची भिंतच उतरते आणि पोटाचा भार तीच घेते. बैल उभाही राहतो, नंदीही होत नाही. झुलीवर काय काढू, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "काही नको. काठाला एक रेघ ओढा."

उंची सांगायला मला फीत लागली नाही. घरी बगळ्याच्या जागी दोन बादल्या एकावर एक उपड्या घालून मी आठवडाभर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं होतं. एक बादली जास्वंदीमागं बुडते, तीन घातल्या तर राखणदार उभा केल्यासारखं वाटतं. दोन बरोबर. ती उंची हातानं दाखवली, मामांनी ती काठीवर खूण करून घेतली.

तीन आठवड्यांनी बैल मागच्या सीटवर, गादीत गुंडाळून, आत्याच्या मांडीला डोकं लावून घरी आला. भाजताना एक कान जरा मुडपला होता. मामा दुसरा करून देतो म्हणाले, मी नको म्हटलं. टण् वाजत होता.

खाली जांभ्याचा चिरा ठेवला. कापताना मऊ असतो, हवा लागली की टणक होतो, आणि भाजल्या मातीच्या शेजारी त्याचा रंग भावकीतला वाटतो. गवंडी म्हणाला होता, काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, दीड फूट खणून काढा, मुरूम आणि खडी घालून ठोका. मी फूटभरावर भागवलं. पहिल्या मोठ्या पावसानंतर चिरा एका अंगानं खचला आणि बैल पुढच्या बाजूला बोटभर कलला. मी गवंड्याला फोन लावला. आत्या चहा घेऊन पायरीवर बसली होती.

"ठेव तो फोन," ती म्हणाली. "उतारावरनं उतरालाय बघ. घरी यालाय."