भुताची लव्हस्टोरी, अपडेट ३: भरती-ओहोटी चुकली, हिरो बदलला

मंडळी, मी लिहितेय त्या कथेच्या मागच्या अपडेटला दोन महिने झाले. तेव्हा सहा प्रकरणं झाली म्हणून तोऱ्यात सांगितलेलं, आता चारच आहेत. १९,००० शब्दांतले ७,००० उडवले. आधी दोन दिवस रडू आलं, मग बरं वाटलं.

पहिला घोळ हिरोचा. मूळ प्लॅनमधे हिरो म्हणजे आमच्या कोकणातला राखणदार, देवचार म्हणा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, रात्री गावाच्या हद्दीवरून फिरणारा आणि वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडणारा. मला वाटलं याच्याहून रोमँटिक काय असणार! आतेला वाचून दाखवलं तर भाकरी थापता थापता तिचा हात थांबला. "राखणदाराक हिरो करतंस? त्याच्या नादाक लागा नको." मी हसले, पण रात्री पडल्यापडल्या विचार केला तेव्हा कळलं की आते भीतीपोटी बोलली असेल पण कथेच्या बाजूनेसुद्धा तिचंच बरोबर आहे. ज्याला अख्खं गाव मान देतं, रोट देतं, विडी देतं, त्याला कमी काय आहे? वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या राखणदार वेतोबाचंच बघा ना, रात्री फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक केवढ्या मोठ्या चामडी चपला वाहतात. असल्या माणसाला (माणूस म्हटलं, माफी असावी) माझी हिरॉइन काय देणार, कपाळ?

मग हिरो केला एक साधा खलाशी, १९८९ ला समुद्रात गेलेला, वय २४. मधे एकदा मोह झालेला की त्याला रामदास बोटीवरच बुडवू, १७ जुलै १९४७, आयती तारीख, आयतं वादळ. पण ती बोट मुंबईहून रेवसला चाललेली, आमच्या बाजूला नाही, आणि त्यात सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यांच्या घरात अजून त्यांचे फोटो लावलेले असतील. माझ्या लव्हस्टोरीसाठी ते वापरायचं मला जमलं नाही. कोणाला जमत असेल तर जमो. शिवाय १९८९ चा एक फायदा झाला, हिरोला कोकण रेल्वे माहीतच नाही कारण ती पूर्ण सुरू झाली १९९८ ला, तो बिचारा अजून हिरॉइनला यष्टीच्या वेळा विचारतो. वाचणारे तिथे हसतात.

राखणदार मात्र काढला नाही, आता तो हद्द सांभाळतो. हद्दीच्या आतला मेलेला बाहेर जायचा नाही, संपला विषय. आणि हिरॉइनला ठाण्यात नोकरी लागलीय. हे सुचलं तेव्हा मी लॅपटॉप मिटून अंगणात दोन फेऱ्या मारल्या, कारण एक जण मुंबईला जातो आणि एक जण इथेच राहतो ही आपल्याकडच्या प्रत्येक दुसऱ्या घरातली गोष्ट आहे, माझ्या कथेत राहणारा मेलेला आहे एवढाच फरक. म्हणून नव्याने लिहिणाऱ्यांना माझं म्हणणं, व्हॅम्पायर बिम्पायर कोकणात आणू नका हो. मुंजा पिंपळ सोडत नाही, चकवा त्याच जागी गोलगोल फिरवतो, गिऱ्हा पाण्याकडे ओढतो, सगळ्यांचे नियम आजीने आधीच सांगून ठेवलेत, त्यातला कुठला नियम दोघांच्या आड येतो तेवढं शोधायचं.

पहिली भेट पण बदलली. आधी पडका वाडा, वीज चमकते, पांढरे कपडे, शी. आता ती तिन्हीसांजेनंतर बाजारातून बांगडे घेऊन येतेय आणि पिशवीत कोळसा टाकायला विसरलीय, माशांच्या वासाने भूत मागे लागू नये म्हणून टाकतात तो. बस्स. आपल्याकडच्या वाचकाला पुढचं सांगावं लागत नाही. तो दारापर्यंत मागे मागे येतो, आत यायची हिंमत नाही, तिखल्यात तिरफळं पडल्याचा वास येतो तेव्हा खिडकीतून एवढंच म्हणतो, "आवशीन अशीच करी." (आई अशीच करायची.) मला हा माझा सगळ्यात आवडता डायलॉग आहे, प्रेमाचा एक शब्द नाही त्यात.

आता भरती. जुन्या पाचव्या प्रकरणात पौर्णिमेला रात्री बारा वाजता दोघं ओल्या वाळूवरून लांबच लांब चालतात असं लिहिलेलं, पाणी पार आत गेलेलं, चांदणं, सगळं. शेजारचे काका आयुष्यभर रापणीला (किनाऱ्यावरून जाळं ओढायला) गेलेले, त्यांना सहज सांगितलं तर म्हणाले, "पुनवेच्या राती बारा वाजता सुकती? ह्यो खंयचो दर्यो गो?" सुकती म्हणजे ओहोटी. मग त्यांनी हिशोब शिकवला, तिथीला पाऊणने गुणायचं, येईल त्या वाजता भरती. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे बारा वाजता पाणी सुरूच्या झाडांजवळ आणि वर उधाण. माझी जोडी गुडघाभर पाण्यात! अष्टमीला मात्र आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती म्हणजे बाराला सुकती. हिशोब ढोबळ आहे, थोडं इकडेतिकडे होतं, पण कथेला भरपूर झालं. सीन मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला नेला.

आणि मग लॉटरी लागली. शुद्ध अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे काळोख, आणि थंडीत आपल्या किनाऱ्यावर कधी कधी लाटा निळ्या चमकतात ते तुम्ही पाहिलं असेल, नॉक्टिल्युका नावाचे बारीक जीव असतात, पाणी हललं की पेटतात. मी आधी ते भुताची जादू म्हणून वापरणार होते, तो चालतो आणि पाण्यात उजेड पडतो वगैरे. पण पाय कोणीही टाकला तरी उजेड पडतोच की. मग उलटं केलं. ती चालते तेव्हा तिच्या पायाखाली निळं होतं, तो बाजूनेच चालतोय आणि त्याच्याखाली काळंच. तो मेलाय हे तिला तोपर्यंत माहीत असूनही पटलेलं नसतं, तिथे पटतं. दोघंही काही बोलत नाहीत. हा सीन ४०० शब्दांचा आहे आणि नऊ वेळा लिहिला.

भाषेचा प्रॉब्लेम अजून आहे. तो मालवणी बोलतो, ती घरात मालवणी आणि फोनवर पुस्तकी. विदर्भातल्या एका वाचक ताईंनी कळवलं की अर्धं कळत नाही. मी डायलॉग छोटे केले, पण भाषा बदलणार नाही.

अडकलेय ते शेवटाला. ती निघायच्या आदल्या रात्री हद्दीवर जाऊन, त्याला सोड म्हणून राखणदाराला गाऱ्हाणं घालते, नारळ ठेवून, "बा देवा म्हाराजा" म्हणून सुरू करते. पण गाऱ्हाण्याला मागून "व्हय म्हाराजा" म्हणणारी माणसं लागतात आणि ती तर एकटी आलीय. ती थांबते. आणि मागून कोणीतरी म्हणतं, "व्हय म्हाराजा."

कोण म्हणतं ते ठरत नाहीये. तो म्हणाला तर रडू येतं पण तो स्वतःच्याच सुटकेला होकार देतोय, जरा आगाऊपणा वाटतो. राखणदार म्हणाला तर अंगावर काटा येतो, पण ज्याच्यापुढे गाऱ्हाणं तोच मागून कसा बोलेल, आते मला घराबाहेर काढेल. तिसऱ्या व्हर्जनमधे आतेच तिच्या मागून चालत आलेली असते, हातात कोळसा घेऊन. तिन्ही फाइल्स ठेवल्यात, शनिवारी आतेला तिसरी वाचून दाखवणार आहे.