हुपरीची चांदी गुलाबी झाली त्याची गोष्ट

आजवर माझं काम फोटो देऊन संपायचं. पेन ड्राइव्ह दिला, पैसे घेतले, विषय कट. मागच्या दिवाळीआधी कोल्हापूरजवळच्या हुपरीच्या एका शेठचं चांदीच्या पैंजणांचं कॅटलॉग केलं, 16 पानं, हजार कॉप्या, आणि शूट झाल्यावर शेठ म्हणाले फोटो तू काढलायस तर छपाईपण तूच बघ की, मला प्रेसवाल्याच्या मागं पळायला कुठं वेळ हाय. मी हो म्हटलं. दोन पैसे वर सुटतील असा हिशोब, दुसरं काय.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका प्रेसला काम दिलं. 130 जीएसएम जाडीचा गुळगुळीत आर्ट पेपर, कडेनं कापायला 3 मिमी जादा चित्र म्हणजे ब्लीड, फोटो छपाईला लागतात तसे बारीक, 300 डीपीआय, हे सगळं नीट केलं. शेठना दाखवायला मात्र नेहमीच्या फोटो लॅबमधून प्रिंट काढून नेले आणि ते बघून शेठ खूश. प्रेसनं पीडीएफ पाठवली, मी एका लग्नाच्या शूटवर होतो, मोबाइलवरच बघून ‘ओके भावा’ टाकून दिलं.

तिसऱ्या दिवशी गेलो तर एक बाजू छापून थप्पी लावलेली. वरचा कागद उचलला आणि पोटात गोळाच आला, पान 5 वरची पैंजणं गुलाबी! शेठना फोटो पाठवला तर त्यांचा फोन, ‘अरं ही चांदी हाय का तांबं?’

मशीनवरच्या मामांनी मग मला कागद आडवा धरून दाखवलं, आणि हे मला पंधरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. एका बाजूला आठ पानं असतात, त्यात 4 आणि 5 डोक्याला डोकं लावून एकाच पट्ट्यात येतात, आणि मशीनमध्ये शाई पट्ट्यापट्ट्यानं कमीजास्त होते, पानागणिक नाही. पान 4 वर मी लाल मखमलीवर पैंजण ठेवलेला. मखमल फिकी दिसतेय म्हणून मामांनी त्या पट्ट्यात मजेंटा, म्हणजे गुलाबीसर लाल शाई, वाढवली, तर त्याच पट्ट्यातली पान 5 ची चांदी लाजली. त्यात माझी चूक अशी की चांदीचा करडा रंग फाइलमध्ये सायन (निळसर), मजेंटा, पिवळा या तिघांच्या मिश्रणातून आलेला, म्हणजे एक जरी हलला की रंग बदलला.

पैसे कुणाचे यावर थोडं वाजलं. प्रेसवाल्यानं माझं ‘ओके भावा’ उघडून समोर धरलं, मग काय बोलणार. कागद, नवीन प्लेटा, परत छपाई धरून तेराएक हजार माझ्या खिशातून गेले.

परत सगळ्या चांदीचे फोटो सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंत (हे तीन आणि काळी), करताना करडा रंग जास्तीत जास्त काळ्या शाईतून येईल असं केलं, त्याला जीसीआर म्हणतात. शेठना विचारून पानांचा क्रम बदलला, मखमलीची पानं एका पट्ट्यात, पांढऱ्या बॅकग्राउंडची दुसऱ्या. आणि छपाई सकाळीच लावा म्हणून हट्ट धरला, कारण ट्यूबलाइटखाली रंगाचं काही खरं नसतं. मशीन प्रूफ, म्हणजे मशीनवरचा नमुन्याचा कागद, निघाला की कागद घेऊन दारात उजेडात यायचो, खऱ्या पैंजणाशेजारी धरायचो, परत आत. चौथ्या कागदावर सही केली, तारीख टाकली, मामांना सांगितलं आता ह्याच्यासारखंच चालवा. मामा म्हणाले, ‘पयल्यांदा आला असतास तर?’

कॅटलॉग चांगलं झालं. मखमल स्क्रीनवर होती तेवढी भडक नाही आली, तो लाल प्रेसच्या ऑफसेट छपाईच्या चार शाईत बसतच नाही, ते शेठना आधीच सांगून ठेवलेलं.

हल्ली माझ्या कोटेशनमध्ये छपाईवर देखरेख अशी वेगळी ओळ असते, त्यात मशीनपुढं उभं राहायचा अर्धा दिवस धरलेला. निम्मी लोकं ती वाचून म्हणतात छपाईचं आम्हीच बघतो. बघा म्हणतो.