तुम्ही विचारलंत म्हणून: चष्मा आला की मोबाइल जाईल का?

आमच्या चष्म्याच्या दुकानात नंबर काढायला आलेली माणसं हल्ली कुठला तरी व्हिडिओ पुढे धरून विचारतात, "हे डोळ्यांपुढेच पडदा दाखवणारे चष्मे आले की मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही सगळं जाणार का हो?" बऱ्याच जणांना नवा टीव्ही घ्यायचा असतो आणि थांबावं की घ्यावा, ते ठरत नसतं. मी सांगतो, खुशाल घ्या.

आमच्या धंद्यात डोळ्याइतकंच नाक बघावं लागतं. साधा चष्मा भिंगांसकट 25-30 ग्रॅमचा. भिंगं जाड झाली, वजन थोडं वाढलं, की आठवड्याभरात गिऱ्हाईक परत हजर: चष्मा घसरतोय, नाकावर वण पडलेत, कानामागे दुखतंय. मग नोजपॅड बदला, काड्या गरम करून वाकवा. आता ॲपलचा व्हिजन प्रो बघा, म्हणजे पडदे आत असलेला, डोळ्यांवर बांधायचा हेडसेट. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेत 3,499 डॉलरला विक्रीला आला, ते पहिलं मॉडेल 600 ते 650 ग्रॅमचं होतं. बॅटरी वेगळी, वायरने जोडून खिशात ठेवायची, आणि ती चालायची दोन-अडीच तास. सिनेमा बघून होईल. ऑफिसचा दिवस निघणार नाही. मागे एक तरुण गिऱ्हाईक आपला हेडसेट घेऊन आलं होतं, आत नंबरची भिंगं बसतील का विचारायला. त्याने तो घालून दाखवला आणि काढला, तर कपाळावर आणि गालांच्या हाडांवर लाल पट्टा उमटला होता.

वजन उद्या कमी होईल. नजरेचा हिशोब जास्त अवघड आहे. तक्त्यावरची 6/6 ची ओळ वाचणारा डोळा नजरेच्या कोनातल्या एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखतो. म्हणजे अक्षरं खरोखर कोरीव दिसायला दर अंशात साठेक पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, हवेत. चांगला मोबाइल वाचायच्या अंतरावर धरला तर त्याहून जास्तच मिळतात. व्हिजन प्रोमध्ये दोन्ही डोळ्यांचे मिळून 2 कोटी 30 लाख पिक्सेल आहेत, पण ते नजरेच्या बऱ्याच मोठ्या भागावर पसरावे लागतात, म्हणून एका अंशाच्या वाट्याला चौतीसच्या आसपास येतात. चित्र देखणं दिसतं. दिवसभर एक्सेलचे आकडे वाचायचे म्हटलं की फरक कळतो.

दुसरी गोष्ट फोकसची. जवळची वस्तू बघताना दोन्ही बुबुळं आत वळतात आणि डोळ्यातलं भिंगही तेवढ्याच अंतरावर फोकस जुळवतं. ही जोडी अगदी तान्हेपणापासूनची. हेडसेटमध्ये चित्र जवळ आलंसं वाटतं, बुबुळं वळतात, पण प्रकाश मात्र एकाच ठरावीक अंतरावरून आल्यासारखा येतो. मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स या पारदर्शक हेडसेटमध्ये ते अंतर सुमारे दोन मीटर होतं. जोडी तुटली की डोळे शिणतात, काहींचं डोकं चढतं.

मग हलके चष्मे? त्यांच्याबद्दल मला खरी आशा आहे. फेसबुकवाल्या मेटाचा रे-बॅन डिस्प्ले हा चष्मा सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेत 799 डॉलरला आला, वजन 69 ग्रॅम. मात्र त्याचा पडदा 20 अंशांचा. हात लांब करून पंजा पूर्ण फाकवला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जेवढं झाकलं जातं, साधारण तेवढाच. मेसेज, रस्त्याची वळणं, समोरच्याच्या परक्या भाषेतल्या बोलण्याचा मजकूर, एवढं त्यात छान मावतं. कानाने अधू असलेल्या माणसाला समोरचा काय बोलतोय ते डोळ्यांपुढे वाचता येणं, ही मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पण अशा पारदर्शक भिंगातून प्रकाश फक्त वाढवता येतो, कमी करता येत नाही. म्हणून काळा रंग दाखवताच येत नाही, आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात अक्षरं फिकी पडू शकतात.

कारखान्यात, दुरुस्तीच्या कामात, जिथे दोन्ही हात गुंतलेले असतात, तिथे असे चष्मे उपयोगाचे ठरले आहेत. तरीही होलोलेन्सचं उत्पादन 2024 मध्ये थांबलं. त्याआधी गूगल ग्लास हा असाच छोट्या पडद्याचा चष्मा 2013 मध्ये 1,500 डॉलरला आला आणि जानेवारी 2015 मध्ये सामान्यांसाठीची विक्री बंद झाली.

आणि पडदा दुसऱ्याला दाखवायचाही असतो. भाजीवालीला पैसे पाठवले की आपण मोबाइल तिच्याकडे वळवतो, ती वाकून हिरवी खूण बघते आणि पिशवी हातात देते. मॅच लागली की घरातले पाच जण एकाच टीव्हीसमोर बसतात, शेजारचाही येऊन टेकतो. माझ्या डोळ्यापुरतं असलेलं चित्र तुम्हाला कसं दाखवू? मला विचाराल तर याच कारणाने टीव्ही आणि मोबाइल टिकतील. खिशातून मोबाइल काढून नुसती नजर टाकायची जी कामं आहेत, ती मात्र चष्मा घेईल, आणि ती घ्यावीत असंच मला वाटतं.

तरीही कुणी परदेशातून असा चष्मा मागवणार असाल तर आधी डोळे तपासून घ्या. त्या मेटाच्या चष्म्यात नंबर उणे चार ते अधिक चार एवढाच बसतो, आणि चित्र फक्त उजव्या डोळ्यासमोर येतं. लहानपणापासून उजवा डोळा आळशी, म्हणजे चष्मा लावूनही कमी दिसणारा, असलेली कितीतरी माणसं आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते चाळिशीचा चष्मा करायला आल्यावर पहिल्यांदा कळतं.