भंगारातला डायनॅमोटर

इतवारीतला भंगारवाला म्हणे, "मोटर हाय भाऊ, तांब्याच्या भावानं घ्या." पण दोन्ही टोकांना कम्युटेटर, म्हणजे कार्बनचे ब्रश टेकतात ते तांब्याच्या पट्ट्यांचं कडं? साध्या मोटरला ते एकच असतं. पाटी रॉकेलनं पुसली आणि अक्षरं उमटली: डीएम-32-ए. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी विमानांच्या कमांड सेट नावाच्या रेडिओचा डायनॅमोटर, म्हणजे मोटर आणि जनरेटर एकातच! एकाच आर्मेचरवर, म्हणजे फिरणाऱ्या गाभ्यावर, तारेच्या दोन गुंडाळ्या. एकीकडून विमानाचे 28 व्होल्ट घ्यायचे, दुसरीकडून रेडिओतल्या व्हॉल्व्हसाठी (ट्रान्झिस्टरचं काम तेव्हा करणाऱ्या नळ्या) 250 व्होल्ट काढायचे. ट्रान्झिस्टरच्या आधीचं डोकं हे, मानलं बुवा! हे सेट बऱ्याच विमानांत बसायचे, त्यामुळे पाटीवरून विमान ठरत नाही. तरी युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर ही अमेरिकी बॉम्बफेकी विमानं दुरुस्त करून आपल्या वायुसेनेनं 1968 पर्यंत उडवली, म्हणून मन तिकडेच धावतं. ब्रश शाबूत आहेत. नागपूरकर, 28 व्होल्टचा दणकट सप्लाय आहे का कोणाकडे?