मांडी आणि पट्टा

शनिवार, रात्री साडेदहा

लेक आत्ता झोपली. उद्या पहाटे कोल्हापूरहून कराडला निघायचंय, तिच्या आजोळी. बाळंतपणाला आईच इकडं येऊन राहिली होती, त्यामुळं ही तिची तिकडची पहिली खेप. साडेचार महिने, सहा किलो वजन. अंतर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, पण महामार्गावर सहा पदरांचं काम चाललंय. कुठं रस्ता वळवलाय, कुठं समोरचा ट्रक अचानक ब्रेक मारतो. म्हणूनच महिनाभर मी बाळाच्या कार सीटच्या मागं लागले होते.

दवाखान्यातून घरी आणताना ती माझ्या मांडीवर होती. तेव्हा मला काहीच वाटलं नव्हतं, आणि आता ते आठवलं की पोटात गोळा येतो.

पहिला विरोध आप्पांचा. मामंजी म्हणजे तालमीत वाढलेला माणूस, खासबागेच्या कुस्ती मैदानात लढलेले, अजून मनगट एका मुठीत मावत नाही. "एवढ्याशा पोरीला खुर्चीला बांधून न्यायची? माझ्या हातातनं सुटतीया व्हय ती?" त्यांचा जीव आहे नातीवर. वाद घालायचा नव्हता, म्हणून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १४ मीटर. धडक बसून गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ६ किलोचं बाळ ८५ किलोच्या ओढीनं पुढं जातं. आप्पांनी चष्मा लावून तो आकडा दोनदा वाचला.

"पंच्याऐंशी किलोचा गडी. आणि आपण गाफील असताना पटात घुसला, पाय धरायला, असंच ना?"

"असंच."

ते थोडा वेळ हाताकडं बघत राहिले. "सुटंल," म्हणाले. त्यानंतर त्यांनी हा विषय काढला नाही. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, विचारलं, मग मांडीवर घेऊन दोघींच्या वरून एकच बेल्ट लावला तर? ते तर आणखी वाईट. मोठ्या माणसाचा सगळा भार बाळावर येतो, चेंगरतं ते.

यापेक्षा अवघड गोष्ट ताईंची होती. नणंदेनं २०२० साली तिच्या मुलासाठी पुण्याहून चांगली सीट आणली होती. ती शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला राहते. जुलै २०२१ च्या पुरात त्यांची गाडी बुडाली, सीट गाडीतच होती. पुढं ताईंनी ती तीनदा धुतली, उन्हात वाळवली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवली. मी सीट शोधतेय हे कळल्यावर स्वतः घेऊन आल्या. "नवी कशाला घेतीस? ही आहे की."

बाहेरून खरंच छान दिसत होती. मी पट्टा जिथून ओढून घट्ट करतात तिथं बोट घातलं, तर बोटाला बारीक माती लागली. बक्कलमध्येही तीच. पुराचं पाणी आतल्या फोममध्ये शिरून काय करून गेलंय ते दिसत नाही, आणि अपघात झाला तर तेवढा एकच क्षण ती सीट उपयोगी पडायची असते. शिवाय या सीटांनाही मुदत असते. खालच्या बाजूला कोरलेली तारीख बघायची. बहुतेकांची मुदत सहा ते दहा वर्षं, कारण प्लास्टिक ऊन खाऊन ठिसूळ होतं. एकदा जोरात धडक बसलेली सीटही वापरायची नाही, वरून तडा दिसत नसला तरी. म्हणूनच जिचा इतिहास माहीत नाही अशी जुनी सीट मी घेतली नसती. हिचा तर माहीत होता.

मी ताईंना आडून काही सांगितलं नाही. मातीचं बोट दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन कात्री घेऊन आल्या आणि म्हणाल्या, भंगारात दिली तर कुणीतरी उचलून आपल्या लेकरासाठी नेईल. पट्टा जाड, कात्री अडत होती, दोन-तीनदा हात बदलला त्यांनी. पाचही पट्टे कापले. मला वाटतं, आमच्या लेकीला कुणी दिलेली सगळ्यात मोठी भेट तीच.

नवी घ्यायला राजारामपुरीत गेलो. एका दुकानात सांगितलं, पुढच्या सीटवर बसवा, बाळ डोळ्यासमोर राहतं. मी तिथून उठले. पुढं एअरबॅग असते, आणि मागं तोंड केलेल्या सीटवर ती फुटली तर बाळाचा जीव जाऊ शकतो. जागा मागचीच. आणि तोंडही मागंच: एवढ्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान कोवळी, मागं तोंड असलं की धक्का सगळ्या पाठीवर पसरतो. आमच्या सीटवर नारिंगी लेबल आहे, त्यात वर्तुळात 'ई' हे इंग्रजी अक्षर आणि आर१२९ असा क्रमांक, म्हणजे अशा सीटांसाठीचा संयुक्त राष्ट्रांचा सुरक्षा नियम. या नियमात किमान १५ महिने मागं तोंड ठेवावंच लागतं. मी त्याहून जास्त ठेवणार, जोवर ती त्यात मावते तोवर. आपल्याकडंही मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण कुणाला तो झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बाबागाडीचं सोपं होतं, तरी चूक होता होता राहिली. दुकानातल्या फरशीवर सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात. मी म्हटलं, बाहेर रस्त्यावर घेऊन बघू. सुरेख, हलकी, बारीक चाकांची गाडी पहिल्याच खड्ड्यात रुतली. आमच्या पेठेतल्या गल्ल्यांत ती चार दिवस टिकली नसती. घेतली ती मोठ्या चाकांची, पाठ पूर्ण आडवी होणारी, कारण तेव्हा लेक मान धरत नव्हती. तीन जिने चढवताना जड जाते, ते मान्य करूनच घेतली. कार सीटच बाबागाडीवर अडकवायची सोय असलेली महाग होती, पण पैशासाठी नाकारली नाही. तशी असली की झोपलेलं बाळ उठवायला नको म्हणून आपण तासन्‌तास तिच्यातच ठेवतो. मग हनुवटी छातीला टेकते, श्वास अडू शकतो.

रंकाळ्यावर संध्याकाळी नेते. मागच्या आठवड्यात भाजीची पिशवी दांडीला अडकवली होती. लेकीला उचललं आणि गाडी मागं कलंडली, धाडकन. ती माझ्या कडेवर होती, एवढंच. तेव्हापासून पिशवी खालच्या जाळीतच. ऊन म्हणून वरून ओढणी टाकायचंही सोडलं, आत हवाच खेळत नाही.

आज दुपारी सगळं साफ केलं. पुढच्या चाकाच्या आसाला आईंच्या लुगड्याचा दोरा आणि केस गुंडाळले होते, चिमट्यानं काढले. सीटचं कापड हातानं धुऊन सावलीत वाळवलं. पावसाळ्यात ओलं राहिलं तर दोन दिवसांत बुरशी धरते. पट्टे मात्र बादलीत बुडवायचे नाहीत, ओल्या फडक्यानं पुसायचे, नाहीतर धाग्याची ताकद जाते. दूध सांडून बक्कल चिकटलं होतं, नीट लागत नव्हतं. आप्पा शिलाई मशीनचं तेल घेऊन आले. मी नको म्हटलं, तेलाला धूळ धरते. कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. पाच मिनिटांनी 'टक्' असा आवाज आला तेव्हा बरं वाटलं.

जेवण झाल्यावर आप्पा खाली गाडीपाशी आले. लेकीला बसवून बघितलं. खांद्यावरचा पट्टा त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरायचा प्रयत्न केला, मी शिकवलं होतं तसा. चिमटीत आला. मी एकदा ओढून घट्ट केला. पुन्हा धरून बघितला, आला नाही. मग सीटच धरून हलवली त्यांनी, तालमीतल्या माणसानं हलवावी तशी. बोटभरसुद्धा सरकली नाही.

पहाटे साडेपाचला निघायचं. बाबागाडी डिकीत बसते, पण पुढची दोन्ही चाकं काढावी लागतात. ती आत्ताच काढून ठेवते.