मडक्याला गार टोक नसतं

परवा रात्री पावणेअकराला मी खालच्या मजल्यावरच्या आजींच्या घरात गुडघे टेकून एका काचेच्या पेटीत डोकावत होते आणि समोरच्या थर्मामीटरवर आकडा होता ४१ अंश. तो ३२ असायला हवा होता. पेटीतला अजगर नेहमीच्या जागी नव्हता. पाण्याच्या पसरट भांड्यात त्यानं सगळं अंग कोंबलं होतं, नाकपुड्या तेवढ्या वर. साप असा पाण्यात बसून राहिला की त्याला बहुतेक उकडतंय असं समजायचं, हे मला आधीच सांगितलेलं होतं. बाहेर, इंग्लंडातल्या लीड्समध्ये, उणे तीन होतं, गाड्यांच्या काचा पांढऱ्या झाल्या होत्या, आणि इथं एक मुकं जनावर माझ्या हातून भाजायची वेळ आली होती.

आजी आणि त्यांचा तेरा वर्षांचा नातू नऊ दिवसांसाठी गावाला गेले होते. साप नातवाचा, नाव बिस्किट. रॉयल पायथन जातीचा, चार फूट लांब, तपकिरी अंगावर फिकट ठिपके. सांभाळायला माझं नाव त्यानंच सुचवलं. गेल्या श्रावणात नागपंचमीला मी खाली पुरणाची दिंडं घेऊन गेले होते, तेव्हा त्याला माझ्या गावाबद्दल, सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याबद्दल सांगितलं होतं. गोरक्षनाथांची कथा, अंबाबाईचं देऊळ, घरोघरी आलेले जिवंत नाग, ओवाळणाऱ्या बायका. छाती भरून सांगितलं होतं. मग किल्ली हातात ठेवताना त्यानं विचारलं, "तुमच्या गावात तर सगळ्यांना येतं ना हे?" शिराळ्याची पोर यावर नाही कशी म्हणणार?

किल्लीबरोबर एक कागद होता, त्याच्या हातचा. ऊबदार टोक ३० ते ३२. गार टोक २४ ते २६. दोन्ही टोकांना लपायला एकेक जागा, ती हलवायची नाही. सकाळ-रात्र दोन्ही आकडे वेळेसकट लिहायचे. आणि दोनदा अधोरेखित केलेलं वाक्य: थर्मोस्टॅटच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर बघा. (थर्मोस्टॅट म्हणजे ठरलेल्या आकड्याला हीटर आपोआप बंद करणारं यंत्र.) पहिल्या दिवशी मला हे अती वाटलं. सापाला एवढं काय? आपल्याकडं उकिरड्यात, उसाच्या पाल्यात, बांधाच्या बिळात राहतात की. कोण बघायला जातं तिथं थर्मामीटर घेऊन?

मग आजी दारातून सहज म्हणाल्या, "कायद्यानं आता तूच जबाबदार बरं का." मला ते बोलण्यापुरतं वाटलं. रात्री वाचून बघितलं तर खरंच तसं आहे. इथल्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात जनावर तात्पुरतं सांभाळणाराही जबाबदार धरतात, आणि त्याला योग्य जागा, योग्य वातावरण देणं हे कर्तव्य आहे. मालक सोळा वर्षांच्या आतला असेल तर जबाबदारी त्याला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाची. म्हणजे एरवी आजी आणि ते नऊ दिवस मी. एका सापाला किती ऊब मिळते यावर कायद्याचं लक्ष आहे, हे पचायला मला वेळ लागला. आणि पचल्यावर फार आवडलं, हेही सांगते.

कारण सापाला स्वतःची ऊब नसते. आपण पांघरूण घेतलं की आपलीच ऊब आत कोंडली जाते. सापाला शंभर पांघरुणं घातली तरी तो खोलीइतकाच गार राहील. उंदीर गिळल्यावर अंगात पुरेशी ऊब नसेल तर तो पचत नाही, पोटातच सडतो आणि साप तो ओकून टाकतो. बरेच दिवस गारव्यात राहिला तर छाती भरते, तोंडाशी बुडबुडे दिसतात. उलट बाजूनं, उघड्या हीटरला अंग लावून साप बसतो आणि कातडी भाजेपर्यंत हलत नाही, म्हणून हीटरभोवती जाळी लागते. रानात तो दिवसभर हेच करत असतो: थोडं उन्हात, थोडं बिळात, परत उन्हात. थंडीच्या सकाळी बांधावर अंग सोडून पडलेला नाग शिराळा-वाळव्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्यानं बघितलेला असतो. पेटीत ना ऊन ना बीळ. म्हणून एक टोक गरम, एक गार, आणि मधल्या जागेत त्याचं तो ठरवणार.

४१ चा घोळ माझ्यामुळेच झाला. संध्याकाळी पाण्याचं भांडं धुवायला काढलं आणि परत ठेवताना थर्मोस्टॅटच्या सेन्सरची वायर त्याखाली ओढली गेली. सेन्सर ऊबदार टोकाचा सुटून गार टोकाला जाऊन पडला. तिथं २५, थर्मोस्टॅट लावलेला ३२ वर, त्यामुळे हीटर बंद व्हायचं नावच घेईना. थर्मोस्टॅटवर बघितलं तर सगळं अजून गारच दिसत होतं. खरा आकडा दाखवला त्या दुसऱ्या थर्मामीटरनं, पोरानं दोन रेघा मारलेल्या. हीटर बंद केला, काच सरकवली, सेन्सर जागेवर नेऊन चिकटपट्टीनं पक्का केला आणि बसून राहिले. गार टोकही तोवर २९ झालं होतं, पण ते टोक होतं म्हणून बिस्किटला पळायला जागा होती.

आकडा खाली येईपर्यंत मला कुणाशी तरी बोलायचं होतं. तिकडं पहाटेचे सव्वाचार. तात्या, माझे चुलते, धार काढायला उठलेलेच असणार म्हणून फोन लावला. तात्यांनी तरुणपणी नाग धरलेले आहेत. मी लहान असताना आमच्या माजघरात नागाचं मडकं असायचं, तोंडाला फडकं बांधलेलं. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचाच, पण तेव्हा गावात कुणी आडवं येत नव्हतं. पुढं उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि जिवंत नागांची मिरवणूक थांबली.

"काय गं, एवढ्या रातीचं? बरं हाय न्हवं?"

मी सगळं सांगितलं. चरवीत धारेचा आवाज चालू होता.

"पाण्यात बसलंय म्हंजी शहाणं जनावर हाय. त्याला जागा घावली."

मी विचारलं, "तात्या, तुम्ही मडक्यात ठेवायचा, तेव्हा त्याला उकडत असेल तर?"

धारेचा आवाज थांबला. "माजघर गारच की आपलं. सरावणात कुठलं आलंय उकाडा?"

"आणि मिरवणुकीत?"

तात्या जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मिरवणुकीत न्हाई बघितलं कुणी."

तात्यांची बाजू मी मांडणारच. त्या माणसानं नागाला कधी मारलेलं नाही. धरलेला नाग ज्या बांधावरनं आणला त्याच बांधावर हात जोडून सोडायचा, हा त्याचा नेम. आमच्या घरी पंचमीला विळी आणि तवा वर जायचे, नांगर बंद. आणि इथं? बिस्किटसारखे अजगर वीस-तीस वर्षं जगतात आणि तेवढी सगळी वर्षं ते पेटीतच. त्याची जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली. घाना, टोगो, बेनिन या देशांतून असे अजगर वर्षानुवर्षं मोठ्या संख्येनं परदेशात विकले गेले. तिथं ते उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतात. वारुळात, आपल्या बायका ज्याला हळदकुंकू वाहतात त्यातच. बेनिनमधल्या उईदा गावात तर याच अजगरांचं देऊळ आहे, लोक त्यांना पवित्र मानतात. हे वाचलं तेव्हा मला तिथलं कुणीतरी शेजारी असावं असं फार वाटलं.

ऑफिसात एकानं मागं शिराळ्याचे फोटो बघून "किती क्रूर" म्हटलं होतं, तेव्हा हे सगळं मी त्याला ऐकवलं होतं. आपल्या रानातल्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि स्नायू थरथरवून स्वतःच्या अंगात ऊब तयार करते, हेही सांगितलं होतं. आमच्या सापांना तुमचा थर्मोस्टॅट लागत नाही, असं काहीसं म्हणाले होते. ते चूक नव्हतं, आजही मी त्यातलं एक वाक्य मागं घेणार नाही.

पण परवा रात्री त्या पेटीसमोर बसून मडकंच डोळ्यांपुढं येत होतं. मडक्याला गार टोक नसतं. आतला नाग सरकून सरकून कुठं जाणार? आमचं श्रावणातलं हवामान चांगलं, माजघर चांगलं, तात्यांचा हात चांगला, म्हणून तो तगायचा. त्याला स्वतःला ठरवायला काहीच ठेवलेलं नसायचं. भक्ती कमी नव्हती हो. एवढं एक कुणाच्या ध्यानातच आलं नाही, आणि ते मला एका तेरा वर्षांच्या पोराच्या कागदावरून कळलं.

(हे वाचून कुणी नाग घरी आणू नका. आपल्या रानातला साप धरून पाळणं गुन्हा आहे. घरात जनावर निघालं तर सर्पमित्राला बोलवा.)

साडेअकराला आकडा ३२ वर आला. बाराच्या सुमारास बिस्किट भांड्यातून बाहेर आला, अंगाचं पाणी लाकडाच्या भुशावर पसरत हळूहळू गार टोकाच्या लपणात शिरला. शेपटीचं टोक बराच वेळ बाहेर होतं. मी कागदावर लिहिलं: रात्री १०.४५, ऊबदार ४१, गार २९, सेन्सर माझ्या हातून सुटला.

काल संध्याकाळी पोरगा परत आला. कोटही न काढता आधी तो कागद वाचला. मग थर्मामीटरचं बटण दाबून साठवलेला सगळ्यात वरचा आकडा बघितला. ४१. कागदाशी जुळला. "लिहून ठेवलंत ते बरं केलंत," म्हणाला, बिस्किटला हातावर घेतलं आणि दिव्याखाली धरून त्याच्या पोटावरचा एकेक खवला बघत गेला, मानेपासून शेपटीपर्यंत. कुठं डाग नव्हता. मग माझी चिकटपट्टी काढली आणि वायर दोन क्लिपा मारून भिंतीला पक्की केली. भांडं कसंही ओढलं तरी आता ती सुटणार नाही.

आज पहाटे तात्यांचा फोन आला. तब्येत नाही, थंडी नाही, थेट विचारलं, "ती वायर कुठं बसवली त्या पोरानं? फोटू पाठीव."